‘विनंती केल्यास मिळेल’ असं लिहू नका

पत्र :
नमस्कार. एका पाणथळ जागेच्या अभ्यासप्रकल्पाच्या समन्वयाचं काम माझ्याकडे आहे. चार विषयांची माणसं एकत्र आहेत. पाण्याची मोजमापं रसायनवाल्यांची, दुर्मिळ कासवांच्या घरट्यांच्या नोंदी प्राणिशास्त्रवाल्यांच्या, मासेमारी करणाऱ्या कुटुंबांच्या मुलाखती समाजशास्त्राच्या मॅडमच्या, आणि जुने नकाशे, महसुलाची दप्तरं चाळणारे एक इतिहासकार. प्रकल्प संपताना डेटा खुला करायचा, ही निधी देणाऱ्या संस्थेची अट आहे. तेव्हापासून प्रत्येक बैठकीत वाद. रसायनवाले म्हणतात, आजच सगळं टाकून द्या. मॅडम म्हणतात, मुलाखतीतली एक ओळ देणार नाही. कासववाल्यांना आधी पेपर हवेत. इतिहासकार म्हणतात, माझ्याकडे डेटा नाहीच, टिपणं आहेत. आणि प्रकल्पप्रमुख सरांचं म्हणणं, ‘डेटा विनंती केल्यास उपलब्ध’ असं एक वाक्य लिहून मोकळे व्हा. योजनेचा मसुदा मला लिहायचाय. कुणाचं ऐकू? आणि खरं सांगते, सगळं उघडं केल्यावर कुणी आमच्याआधी पेपर लिहिला किंवा आमचीच चूक काढली, तर काय?
– मधल्या मध्ये सापडलेली

उत्तर :
सरांचं वाक्य आधी खोडा. बाकीचं भांडण सुटेल न सुटेल, पण ते वाक्य मसुद्यात राहू देऊ नका.

२०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, ‘विनंती केल्यास डेटा देऊ’ असं स्वतःच्या पेपरात छापणाऱ्या १,७९२ लेखकांना खरोखरच विनंती करण्यात आली. डेटा दिला १२२ जणांनी. उरलेल्या ९३ टक्क्यांनी नकार दिला किंवा उत्तरच दिलं नाही. ही सगळी माणसं लबाड होती असं मला वाटत नाही. डेटा एखाद्या विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर असतो, विद्यार्थी नोकरीला लागतो, लॅपटॉप बिघडतो, पेपरावर छापलेला ईमेल संस्था बदलल्यावर बंद पडतो. २०१४ मध्ये जीवशास्त्रातल्या २ ते २२ वर्षं जुन्या ५१६ पेपरांचा असाच माग काढला गेला होता. पेपर जितका जुना, तितका डेटा हाती लागणं कठीण. तो शिल्लक असण्याची शक्यता दर वर्षामागे साधारण १७ टक्क्यांनी घटत होती. म्हणजे आज कितीही मनापासून लिहिलं तरी ते वचन पाळणारं माणूस दहा वर्षांनी तिथं असेलच असं नाही. ज्या फाइली सगळ्यांना देता येणार नाहीत, त्यांच्यासाठी मसुद्यात असं काहीतरी लिहा : ‘ही फाइल अमुक रिपॉझिटरीत (डेटा कायमचा सांभाळणाऱ्या ऑनलाइन भांडारात) ठेवली आहे, तिचं वर्णन सर्वांना पाहता येतं, मूळ फाइल या अटींवर मिळते, आणि अर्जाचा निर्णय अमुक समिती घेते.’ त्यात कुणा एका माणसाचा ईमेल नसावा.

आता तुमचं भांडण. मला विचाराल तर चौघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. घोडं पेंड खातंय ते ‘डेटा’ ही एकच वस्तू धरून सगळे बोलतायत म्हणून. प्रत्येक विषयाला कधी ना कधी दुधानं तोंड पोळलेलं असतं, आणि तो आपापलं ताक फुंकून पितो. रसायनवाल्यांना ताक फुंकायची गरजच पडलेली नाही, म्हणून त्यांना इतरांची सावधगिरी कांगावा वाटते. तुम्ही ‘उघडा की बंद’ हा प्रश्न बैठकीतून काढून टाका आणि प्रकल्पातल्या फाइलींची यादी समोर ठेवा. एकेक फाइल घेऊन विचारा : ही बाहेर गेली तर कुणा जिवंत जिवाला इजा होईल का? ही द्यायचा हक्क आपला आहे का? आणि आपल्यापैकी कुणीच आजूबाजूला नसताना परक्या माणसाला ही वाचता येईल का?

तिसरा प्रश्न सगळ्यात सोपा वाटतो आणि तिथंच सगळ्यात जास्त माती खाल्ली जाते. म्हणून रसायनापासूनच सुरुवात करते. ‘आजच टाकून द्या’ म्हणणाऱ्यांना त्यांची एक्सेल शीट पडद्यावर उघडायला सांगा. त्यात बहुधा ‘नायट्रेट’ नावाचा कॉलम असेल आणि त्यात ११ असा आकडा असेल. आता हा ११ कशाचा? लिटरमागे ११ मिलिग्रॅम नायट्रेट, की नायट्रेटच्या रूपात असलेला ११ मिलिग्रॅम नायट्रोजन? प्रयोगशाळा दोन्ही पद्धतींनी आकडे देतात आणि दोन्हींत सुमारे ४.४ पटींचा फरक आहे. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा नायट्रेट म्हणून मोजली तर लिटरला ५० मिलिग्रॅम आहे, नायट्रोजन म्हणून मोजली तर साधारण ११. म्हणजे तोच आकडा एका वाचनात निर्धास्त राहायला सांगतो, दुसऱ्या वाचनात धोक्याच्या रेषेवर उभा असतो. रसायनवाल्यांना हे विचारावं लागत नाही, कारण त्यांच्या प्रयोगशाळेत ते सगळ्यांना ठाऊक असतं. मुलाखतवाल्या मॅडमनी किंवा पाच वर्षांनी एखाद्या आरोग्य संशोधकानं ती फाइल उघडली, तर त्यांना कोण सांगणार?

त्याच शीटमध्ये पुढे बघा. मध्येच –९९९९ दिसेल. सेन्सर बंद होता, एवढाच त्याचा अर्थ, पण सरासरी काढणाऱ्या प्रोग्रामला तो कळत नाही. वेळ कुठल्या घड्याळाची? पिवळ्या रंगानं रंगवलेल्या ओळी कशासाठी? (रंग हा डेटा नव्हे. सीएसव्ही, म्हणजे नुसत्या मजकुराची साधी फाइल, करून सेव्ह केलं की उडून जातो.) आणि एक्सेलवर फार विसंबू नका. जनुकशास्त्रज्ञांची सेप्ट२ आणि मार्च१ ही जनुकांची नावं एक्सेल परस्पर २ सप्टेंबर आणि १ मार्च करून टाकत असे. एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या पेपरांपैकी सुमारे पाचव्या हिश्शात असली गडबड असल्याचं २०१६ मध्ये दिसलं. शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीनं जनुकांचीच नावं बदलली. सॉफ्टवेअर बदलण्यापेक्षा तेच सोपं पडलं!

तर रसायनवाल्यांना सांगा, तुमचा डेटा पहिला खुला होईल, पण त्यासोबत एक साधी मजकुराची फाइल हवी. प्रत्येक कॉलमचा अर्थ, एकक, कुठल्या यंत्रानं आणि कुठल्या पद्धतीनं मोजलं, यंत्राचं कॅलिब्रेशन (अचूकतेची तपासणी) कधी झालं, रिकामी जागा कशी दाखवली आहे, काय गाळलं आणि का. मूळ नोंदी वेगळ्या, साफ केलेल्या वेगळ्या, आणि साफ करणारा प्रोग्रामही सोबत. डेटा शोधता यावा, मिळवता यावा, इतर डेटाशी जुळावा आणि पुन्हा वापरता यावा, ही जी ‘फेअर’ तत्त्वं २०१६ पासून सगळीकडे ऐकू येतात, त्यांतलं निम्मं काम या एका कंटाळवाण्या फाइलीत होऊन जातं. ती फाइल दुसऱ्या विषयाच्या माणसाकडून तपासून घ्या. इतिहासकारांना वाचायला द्या. त्यांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न म्हणजे फाइलीत राहिलेली एक ओळ.

कासवांची गोष्ट वेगळी आहे. इथं ‘आधी पेपर’ या हट्टाच्या मागे दुसरं, जास्त खरं कारण आहे आणि ते त्यांनी बैठकीत मांडलं नसेल तर तुम्ही मांडा. इंडोनेशियातल्या रोटे बेटावरचं लांब मानेचं कासव १९९४ मध्ये स्वतंत्र प्रजाती म्हणून जाहीर झालं. पाळीव प्राण्यांच्या बाजारात त्याला अचानक भाव आला आणि काही वर्षांत ते जंगलातून जवळपास संपलं. शास्त्रज्ञांचा लेख हाच शिकाऱ्यांचा नकाशा ठरला. तेव्हा घरट्यांचे अचूक अक्षांश-रेखांश खुल्या फाइलीत घालायचे नाहीत, यावर चर्चाच नको. पण म्हणून अख्खी फाइल कुलपात घालायचीही गरज नाही. अक्षांश-रेखांश दशांशानंतर एकाच अंकापर्यंत ठेवले, तर जागा साधारण ११ किलोमीटरच्या चौकोनात विरघळते. तुमची पाणथळ जागा त्याहून लहान असेल तर एवढ्यानं भागणार नाही; मग फक्त जिल्ह्याएवढा मोठा प्रदेश सांगा. अंड्यांची संख्या, पिल्लं बाहेर पडल्याच्या तारखा, वाळूचं तापमान हे सगळं खुलं ठेवता येतं. फक्त तापमान मोजणाऱ्या सेन्सरची जागा रसायनवाल्यांच्या खुल्या फाइलीत तशीच राहिलेली नाही ना, आणि फोटोंच्या आत कॅमेऱ्यानं लिहिलेलं ठिकाण पुसलंय ना, ते बघा. एका फाइलीत लपवलेलं दुसऱ्या फाइलीत उघडं पडतं. चार विषय एकत्र असल्याचा हा खास तोटा. त्यावर नजर ठेवणारं माणूस तुम्हीच आहात, कारण चारही फाइली फक्त तुम्ही बघता.

मुलाखतींवर मात्र मी ठामपणे मॅडमच्या बाजूनं आहे, निदान अर्ध्या रस्त्यापर्यंत.

बोस्टन कॉलेजनं उत्तर आयर्लंडमधल्या सशस्त्र संघर्षात भाग घेतलेल्यांच्या मुलाखती जमवल्या होत्या. तुम्ही हयात असेपर्यंत हे ध्वनिमुद्रण बाहेर येणार नाही, असा शब्द बोलणाऱ्यांना दिला गेला. २०११ मध्ये पोलिसांच्या वतीनं अमेरिकेच्या न्यायालयातून समन्स निघालं आणि काही मुलाखती द्याव्या लागल्या. त्या काही खुल्या रिपॉझिटरीत टाकल्या नव्हत्या. कुलपात होत्या आणि तरीही बाहेर आल्या. मुलाखती घेणाऱ्यांच्या ताकाला फुंकर का, ते यावरून कळावं. तुमच्या मासेमारांपैकी कुणी बंदीच्या काळात जाळं टाकल्याचं बोलून गेला असेल, कुणी एखाद्या अधिकाऱ्याचं नाव घेतलं असेल. अशी वाक्यं फाइलीत राहू द्यायची की नाही, हा निर्णय फाइल कुठेही ठेवण्याच्या आधीचा आहे.

‘नावं काढून टाकू ना’ असं रसायनवाले म्हणतील. नाव काढणं हा त्या कामाचा सगळ्यात सोपा तुकडा. संगणकशास्त्रज्ञ लटान्या स्वीनी यांनी १९९७ मध्ये नावं काढलेल्या रुग्णालयीन नोंदींतून खुद्द मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरांची नोंद शोधून काढली होती. जन्मतारीख, लिंग आणि पोस्टाचा कोड एवढं मतदारयादीशी ताडून पाहणं पुरलं. आणि तो तर तक्ता होता. मुलाखतीत माणूस वाक्यावाक्यात ओळखू येतो. ‘थोरला मुलगा बुडाला त्या वर्षी मी होडी विकली, मग सोसायटीची पहिली बाई अध्यक्ष झाले.’ यात एकही नाव नाही. पण काठावरच्या कुठल्याही घरात हे वाक्य वाचून दाखवा, बोलणारी कोण ते लहान पोरही सांगेल. ही ओळख पुसायची तर मुलगा, वर्ष, होडी, अध्यक्षपद सगळं पुसावं लागतं आणि मग मुलाखतीत उरतं काय?

म्हणून मुलाखती जगाला खुल्या करू नका. पण मॅडमनी स्वतःच्या कपाटातही ठेवू नयेत. इथं मी त्यांची साथ सोडते. कपाटातला डेटा त्यांच्या निवृत्तीबरोबर जातो, आणि ज्यांनी तासन्‌तास बसून आयुष्य सांगितलं, त्यांचं बोलणं एका पेपरातल्या चार अवतरणांपुरतं उरतं. समाजशास्त्रातही डेटा सांभाळण्याची जुनी परंपरा आहे; ब्रिटनचं डेटा अर्काइव्ह १९६७ पासून चालू आहे. अशा ठिकाणी उघडा आणि बंद यांच्या मधले मुक्काम असतात. काही फाइली कुणालाही, काही नोंदणी करून अटी मान्य करणाऱ्यांना, काही फक्त प्रशिक्षण घेतलेल्या संशोधकांना सुरक्षित व्यवस्थेत बसून पाहता येतात. मुलाखतींची प्रश्नावली, निवड कशी केली त्याची माहिती आणि आशयाला लावलेल्या कोडांची (विषयवार खुणांची) यादी मात्र आजच खुली करता येईल. त्यात कुणाचंच गुपित नाही.

या सगळ्याआधी लोकांनी कशाला होकार दिला होता, ते संमतीपत्र काढून वाचा. ‘मुलाखत फक्त या प्रकल्पातले संशोधक ऐकतील’ असं लिहिलं असेल तर विषय संपला. पुन्हा जाऊन विचारल्याशिवाय ती कुठंच देता येत नाही, निधी देणारे काहीही म्हणोत. आणि विचारायचं तर प्रत्येकाला सुटं विचारून भागेल का, याचाही विचार करा. ॲरिझोनातल्या हावासुपाई लोकांनी १९९० पासून रक्ताचे नमुने दिले ते मधुमेहाच्या अभ्यासासाठी, अशी त्यांची समजूत होती. तेच नमुने पुढे स्किझोफ्रेनियाच्या आणि त्यांचे पूर्वज कुठून आले याच्या अभ्यासाला वापरले गेले. दावा झाला, आणि २०१० मध्ये विद्यापीठानं ७ लाख डॉलर आणि उरलेले नमुने परत देऊन तडजोड केली. इथं फक्त रक्त देणारी माणसं दुखावली नव्हती, अख्खी जमात दुखावली होती. २०१९ मध्ये मूळनिवासी समुदायांच्या बाजूनं ‘केअर’ तत्त्वं पुढे आली ती अशाच अनुभवांतून : डेटा ज्यांच्याबद्दल आहे त्यांना त्याचा फायदा व्हावा आणि त्यावर त्यांचा अधिकार असावा. तुमच्या मासेमारांची संघटना असेल तर मसुदा तिच्यासमोर ठेवा. पाण्याचे आकडे तर त्यांना आधी मिळायला हवेत.

इतिहासकारांचं चटकन उरकता येईल. ‘टिपणं’ म्हणजे डेटाच, पण दप्तरांचे फोटो त्यांच्या मालकीचे नसतील. अभिलेखागाराच्या परवानगीशिवाय ते टाकू नका. त्यांनी दप्तरांतून उतरवून घेतलेला तक्ता (वर्ष, तळ्याचं क्षेत्र, वसूल, दप्तराचा क्रमांक) हा मात्र त्यांचा स्वतःचा कष्टाचा डेटा आहे. तो खुला करायला त्यांना राजी करा, आणि तो त्यांच्या नावावर स्वतंत्र प्रकाशन म्हणून नोंदवा. मग बघा, नकार किती टिकतो.

आता तुमची भीती. कुणी आधी पेपर लिहिला तर? ही भीती पोरकट नाही. २०१६ मध्ये तर अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकीयात, दुसऱ्यांच्या डेटावर काम करणाऱ्यांना काही जण ‘संशोधनातले परजीवी’ म्हणतात, असं आलं होतं. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारे, असा त्याचा सूर, आणि त्यावर गदारोळही झाला. पण ज्या विषयांनी हा प्रश्न आधी झेलला, त्यांनी उत्तरं शोधून ठेवली आहेत. हबल दुर्बिणीची वेळ ज्याला मिळते, त्याला ती निरीक्षणं ठराविक मुदतीपर्यंत एकट्याला वापरता येतात. मग ती सगळ्यांची. आज हबलच्या जुन्या साठ्यातून इतरांनी लिहिलेले पेपर मूळ चमूंच्या पेपरांहून जास्त भरतात. जनुकशास्त्रज्ञ याहून धीट निघाले. १९९६ मध्ये बर्म्युडात बसून त्यांनी ठरवलं, मानवी जनुकक्रमाचा तुकडा वाचला की २४ तासांत जाहीर करायचा. २००३ मध्ये त्याला जोड दिली की, डेटा सगळ्यांनी वापरावा, पण समग्र विश्लेषणाचा पहिला पेपर डेटा तयार करणाऱ्यांचा, हा शिष्टाचार पाळावा. तुमच्या कासववाल्यांना वर्षभराची मुदत द्या आणि तारीख मसुद्यात लिहा. तारखेशिवाय मुदत म्हणजे भिजत घोंगडं.

उलट बाजूही त्यांना सांगा. प्रथिनांच्या रचनांची प्रोटीन डेटा बँक १९७१ मध्ये अवघ्या ७ रचनांवर सुरू झाली. तिथं पन्नास वर्षं लोकांनी फुकट ठेवलेल्या रचनांवर शिकूनच अल्फाफोल्ड हा प्रोग्राम प्रथिनांचे आकार ओळखू लागला आणि २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्या कामापर्यंत पोचलं. त्या ७ रचना ठेवणाऱ्यांच्या डोक्यात यातलं काहीही नव्हतं.

चूक सापडली तर? सापडेल. २०१० मध्ये राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी, सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांपलीकडे गेलं की वाढ खुंटते, असं मांडलं आणि अनेक देशांतल्या काटकसरवाल्यांनी ते उचलून धरलं. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला त्यांची शीट मिळाली. सरासरीच्या सूत्रात पाच देश राहून गेले होते, शिवाय काही वर्षं गाळली होती आणि देशांना वजन देण्याच्या पद्धतीवरही आक्षेप होता. फेरहिशेबात ९० टक्क्यांपलीकडे कर्ज असलेल्या देशांची सरासरी वाढ उणे ०.१ वरून २.२ टक्क्यांवर आली. मला यात लक्षात राहतं ते मधलं अंतर. तीन वर्षं तो आकडा जगभर फिरत होता. शीट पेपरासोबतच असती तर पाच देश पहिल्याच आठवड्यात कुणाच्या तरी नजरेला आले असते आणि एवढ्या दुरुस्तीवर भागलं असतं.

बाकी कामाच्या गोष्टी. विषयाची स्वतःची रिपॉझिटरी असेल तर तीच घ्या. नसेल तर युरोपातल्या सर्न संस्थेचं झेनोडो आहे. फुकट आहे, एका नोंदीत ५० जीबीपर्यंत बसतं, प्रत्येक नोंदीला डीओआय (न बदलणारा ओळख क्रमांक) मिळतो, ठरावीक तारखेपर्यंत फाइल बंद ठेवता येते, आणि फाइल बंद ठेवूनही वर्णन खुलं ठेवता येतं. चारही विषय एकाच गाठोड्यात बांधू नका. चार नोंदी करा, चार डीओआय घ्या आणि त्या एकमेकींना जोडा. मुलाखतींच्या अटींपायी पाण्याचे आकडे अडकायला नकोत. आकड्यांच्या फाइलींना सीसी झीरो (वापरायला कुठलीच अट नाही) किंवा सीसी बाय (फक्त श्रेय द्यायची अट) लायसन्स द्या. ‘व्यापारी वापराला मनाई’ हे कलम लोक काळजीपोटी घालतात, पण त्यात छोटी सल्लागार संस्था किंवा पाठ्यपुस्तकाचा प्रकाशकही अडकतो. आणि भर उन्हात पाण्याचे नमुने भरणाऱ्या सहायकांची नावं डेटाच्या लेखकांत घाला. पेपरात त्यांना जागा मिळत नाही, इथं मिळू शकते.

हे सगळं प्रकल्पाच्या शेवटच्या महिन्यात होत नाही. कॉलमांचे अर्थ लिहायचे तर लिहिणारा माणूस अजून पगारावर असायला हवा. सरांकडून पैसे मागायचे तर त्यासाठी मागा, निधी देणाऱ्या बऱ्याच संस्था डेटा सांभाळण्याचा खर्च मंजूर करतात. आणि मॅडमच्या काही मुलाखती अजून व्हायच्या असतील तर नव्या संमतीपत्रात तीन वेगळ्या चौकटी छापून घ्या : फक्त आम्ही वापरू, अटींवर इतर संशोधकांना देऊ, कुणालाही देऊ. त्याला एथिक्स कमिटीची मंजुरी लागेल, तेव्हा तिची पुढची बैठक कधी आहे ते उद्याच विचारून घ्या.